माहिती तंत्रज्ञान आणि लिंगभाव

माहिती साठविणे, तिच्यावर गणितीय वा तार्किक प्रक्रिया करणे आणि ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविणे यांसाठी वापरण्यात येणारी यंत्रे, त्यांच्या आज्ञावल्या व या दोहोंशी निगडित असलेले व्यवसाय यांचा माहिती तंत्रज्ञान या संज्ञेत समावेश होतो. स्त्रीने कोणते काम करावे व पुरुषाने कोणते, कोणाच्या कामास कौशल्याचे मानावे व कोणाच्या कामास केवळ हातकामाचे, याविषयी समाजाने रूढ केलेल्या अपेक्षांच्या समुच्चयास लिंगभाव असे म्हणतात. तो निसर्गदत्त नसून समाजघटित असतो व म्हणून देशकालानुसार बदलतो. यंत्र तटस्थ असते, त्यास स्त्री-पुरुष भेद ठाऊक नसतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु यंत्र कोणी बनवावे, ते कोणी चालवावे, त्या कामाचे श्रेय व वेतन कोणास मिळावे आणि यंत्राचा उपयोग कोणापर्यंत पोहोचावा, या प्रश्नांची उत्तरे समाज देत असतो. संगणनाच्या सु. अडीचशे वर्षांच्या इतिहासात या उत्तरांवर लिंगभावाचा ठसा स्पष्टपणे उमटलेला दिसतो. एकच काम स्त्रियांच्या हाती असताना कारकुनी व कमी वेतनाचे गणले गेले आणि पुरुषांच्या हाती जाताच त्यास शास्त्राची व व्यवस्थापनाची प्रतिष्ठा लाभली, असे या इतिहासात एकाहून अधिक वेळा घडले आहे.

मानवी गणक : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजीतील ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्राचा नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीचा वाचक होता. खगोलशास्त्र, नौकानयन व भूमापन यांसाठी प्रचंड आकडेमोड लागे आणि ती पोटगणितांत विभागून अनेक गणकांकडून करवून घेण्यात येई. हॅली धूमकेतूच्या पुनरागमनाचा काल काढण्यासाठी अलेक्सी क्लेरो या फ्रेंच गणितज्ञांनी १७५७-५८ मध्ये जेरोम लालांद व निकोल-रेन लपोत (१७२३–८८) यांच्या साहाय्याने गुरू व शनी या ग्रहांमुळे होणाऱ्या विचलनांचे गणित केले. धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास, एक महिना मागेपुढे, सूर्यसमीप बिंदूशी येईल असे त्यांचे भाकीत होते. प्रत्यक्षात तो १३ मार्च रोजी तेथे आला. लालांद यांनी लपोत यांच्या परिश्रमांची जाहीर वाखाणणी केली. क्लेरो यांच्या या विषयावरील ग्रंथात मात्र त्यांच्या वाट्याचा उल्लेख नाही.

इंग्लंडमध्ये १७६७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या नाविक पंचांगाचे गणित गावोगावचे गणक घरी बसून करीत. लडलो येथील मेरी एडवर्ड्स यांचे पती हे त्यांपैकी एक म्हणून नोंदलेले होते. १७८४ मध्ये पतीचे निधन झाल्यावर मेरी यांनी ते काम आपणाकडेच ठेवावे अशी राजज्योतिषी नेव्हिल मॅस्किलिन यांना विनंती केली. त्या वेळी, पतीच्या नावे होणारे बरेचसे गणित मुळात त्याच करीत होत्या, हे उघड झाले. त्यांच्यानंतर त्यांची कन्या एलिझा हिने ते काम पुढे चालविले. १८३२ च्या सुमारास पंचांगाचे गणितकार्य लंडनमधील एका शासकीय कार्यालयात एकवटण्यात आले. शासकीय सेवेत स्त्रियांना प्रवेश नसल्यामुळे एलिझा यांचे काम संपुष्टात आले. काम घरात असताना स्त्रीच्या हाती असणे व त्याचे कार्यालयीन पदात रूपांतर होताच तिला वगळले जाणे, या क्रमाचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

चार्ल्स बॅबेज (१७९१–१८७१) यांच्या नियोजित वैश्लेषिक यंत्रावर इटालियन गणितज्ञ लुईजी मेनाब्रेआ यांनी लिहिलेल्या फ्रेंच लेखाचे भाषांतर एडा लव्हलेस (१८१५–५२) यांनी १८४३ मध्ये विस्तृत टिपांसह प्रसिद्ध केले. बेर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्रास द्यावयाच्या क्रियांचा क्रम या टिपांत मांडलेला आहे. अंकांखेरीज इतर चिन्हांवरही असे यंत्र प्रक्रिया करू शकेल, हा विचार त्यांत स्पष्टपणे आला आहे. या क्रमाच्या रचनेत बॅबेज व लव्हलेस यांचा प्रत्येकी किती वाटा होता याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. लेखाखाली लेखिकेचे पूर्ण नाव नव्हते, केवळ आद्याक्षरे होती.

अमेरिकेत हार्व्हर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी १८८० नंतर छायाचित्रपट्टांवरील ताऱ्यांच्या मापनासाठी स्त्री-गणकांची नेमणूक केली. त्यांना ताशी २५ ते ३५ सेंट वेतन मिळे. पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून आलेल्या विल्यमिना फ्लेमिंग (१८५७–१९११) यांनी दहा हजारांहून अधिक ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले. ॲनी जंप कॅनन (१८६३–१९४१) यांनी केलेल्या वर्गीकरणातील ताऱ्यांची संख्या सु. साडेतीन लाख आहे. विद्यापीठाने त्यांना नियमित पद दिले ते मात्र १९३८ मध्ये. हेन्रिएटा लेव्हिट (१८६८–१९२१) यांनी १९१२ मध्ये सेफीड वर्गातील रूपविकारी ताऱ्यांचा आवर्तकाल व तेजस्विता यांमधील संबंध सिद्ध केला. दूरच्या दीर्घिकांची अंतरे काढण्याची किल्ली या शोधामुळे हाती आली. अल्प वेतनात सुशिक्षित, चिकाटीचे मनुष्यबळ मिळते हे स्त्रियांच्या नेमणुकीचे मुख्य कारण होते. नीरस व सूक्ष्म काम स्त्रियांच्या स्वभावास मानवते, असे समर्थन त्यास जोडले गेले.

हे काम स्वभावतः स्त्रियांचे नव्हते, हे भारतातील उदाहरणावरून दिसते. येथील बृहत् त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणकाची पदे पुरुषांकडे होती. १८३१ मध्ये गणक म्हणून दाखल झालेले राधानाथ सिकदर (१८१३–७०) यांनी एव्हरेस्ट शिखराच्या उंचीचे गणित केले. इंग्रजी व गणिताचे उच्च शिक्षण त्या काळी भारतीय स्त्रियांपर्यंत पोहोचलेलेच नसल्यामुळे स्वस्त सुशिक्षित श्रमिकांची जागा येथे नवशिक्षित तरुणांनी भरून काढली.

इलेक्ट्रॉनीय गणकयंत्रांचा आरंभ : दुसऱ्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याची कोष्टके तयार करण्यासाठी अमेरिकी सैन्यदलाने गणित शिकलेल्या अनेक तरुणींना फिलाडेल्फिया येथील मूर विद्युत् अभियांत्रिकी विद्यालयात गणक म्हणून नेमले. तोफगोळ्याच्या एका प्रक्षेपमार्गाचे गणित यांत्रिक गणित्राच्या साहाय्याने करण्यास ३० ते ४० तास लागत आणि एका कोष्टकासाठी असे हजारांवर मार्ग काढावे लागत. हा वेळ वाचविण्यासाठी जॉन मॉकली व प्रेस्पर एकर्ट यांनी एनिॲक हे सु. १८,००० इलेक्ट्रॉन नलिकांचे यंत्र उभारले. ते हेच गणित अर्ध्या मिनिटाच्या आत करू शके. यंत्राकडून गणित करवून घेण्यासाठी १९४५ मध्ये कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बायलस, जीन जेनिंग्ज, एलिझाबेथ स्नायडर, रूथ लिक्टरमन व मार्लिन वेस्कॉफ या सहा गणकांची निवड झाली. आज्ञावली लिहिण्याचे कोणतेही पुस्तक त्या वेळी अस्तित्वात नव्हते. यंत्राच्या जोडणीचे आराखडे अभ्यासून, प्रत्येक घटकाचे कार्य समजावून घेऊन, तारा व खटके यांच्या मांडणीद्वारे त्यांनी प्रक्षेपमार्गाची आज्ञावली सिद्ध केली. बिघाड झाल्यास नेमकी कोणती नलिका निकामी झाली आहे, हेही त्या शोधून काढीत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲकचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. त्यासाठीची आज्ञावली या स्त्रियांनी तयार केली होती. तथापि त्यानंतरच्या मेजवानीस त्यांना आमंत्रण नव्हते आणि वृत्तपत्रांतील वर्णनांत त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली नाही. त्यांच्या नेमणुका व्यावसायिक दर्जाच्या खालच्या श्रेणीत झालेल्या होत्या. यंत्र उभारणे हे अभियंत्याचे व म्हणून पुरुषाचे काम आणि ते चालविणे हे टेलिफोन-चालिकेच्या जातीचे काम, अशी विभागणी यंत्र पूर्ण होण्यापूर्वीच गृहीत धरलेली होती. १९८० नंतरच्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतील यंत्राजवळ उभ्या असलेल्या स्त्रिया कोण, अशी चौकशी केली. शोभेसाठी उभ्या केलेल्या त्या तरुणी असाव्यात, असे उत्तर तिला मिळाले. तिच्या संशोधनामुळे ही नावे पुढे आली व १९९७ मध्ये या सहाजणींचा सन्मान करण्यात आला. स्नायडर (विवाहोत्तर हॉल्बर्टन) यांनी पुढे युनिव्हॅक यंत्रासाठी माहितीचे क्रमवारीकरण करणारी आज्ञावली रचली, तर जेनिंग्ज (विवाहोत्तर बार्टिक) यांचा एनिॲकचे संचयित आज्ञावलीच्या यंत्रात रूपांतर करण्यात वाटा होता.

ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्क येथील गुप्तलिपी-उकल केंद्रात काम करणाऱ्यांपैकी सु. तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. टॉमी फ्लॉवर्स यांनी बनविलेले कोलॉसस हे यंत्र तेथे १९४४ च्या आरंभी कार्यान्वित झाले. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे उभी राहिली व ती चालविण्याचे काम नौदलाच्या स्त्री-पथकाकडे होते. हे सर्व कार्य १९७० नंतरच्या दशकापर्यंत गोपनीय राहिल्यामुळे या स्त्रियांना आपल्या अनुभवाचा उल्लेख नोकरीच्या अर्जातही करता आला नाही.

अमेरिकेच्या वैमानिकी संशोधन समितीच्या लँगली प्रयोगशाळेत १९३५ पासून स्त्री-गणकांचा विभाग होता. १९४३ पासून कृष्णवर्णीय स्त्रियांनाही घेण्यात येऊ लागले, परंतु त्यांची बसण्याची व भोजनाची व्यवस्था वेगळी ठेवली जाई. डॉरथी व्हॉन (१९१०–२००८) या १९४९ मध्ये या वेगळ्या विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे त्यांनी फोरट्रान ही संगणकभाषा स्वतः शिकून सहकाऱ्यांनाही शिकविली. जॉन ग्लेन यांच्या १९६२ मधील पृथ्वीप्रदक्षिणेपूर्वी यंत्राने काढलेले आकडे कॅथरीन जॉन्सन (१९१८–२०२०) यांनी हाताने पडताळून पाहिले. येथे लिंगभेदास वर्णभेदाची जोड मिळाली होती.

आज्ञावली-लेखनास शास्त्रीय रूप देण्यातही स्त्रियांचा वाटा मोठा आहे. ग्रेस हॉपर (१९०६–९२) यांनी १९५२ मध्ये संकलक या प्रकारच्या आज्ञावलीचा आरंभीचा नमुना तयार केला. इंग्रजी शब्दांनी यंत्रास आदेश देता यावेत हा त्यांचा आग्रह कोबॉल या व्यापारी संगणकभाषेस (१९५९-६०) पायाभूत ठरला. त्या भाषेच्या रचनेत जीन सॅमेट (१९२८–२०१७) यांचाही सहभाग होता. अपोलो यानांच्या उड्डाण-आज्ञावलीचे काम मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखाली झाले. [⟶ संगणक].

ब्रिटनचा अनुभव : लिंगभावाचा राष्ट्रीय उद्योगावर होणारा परिणाम ब्रिटनच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसतो. तेथील शासकीय कार्यालयांत छिद्रपत्र-यंत्रे व नंतर संगणक चालविण्यासाठी ‘यंत्रचालक’ अशी स्वतंत्र श्रेणी होती आणि तीत जवळजवळ सर्व स्त्रिया होत्या. विवाहानंतर स्त्रीने राजीनामा द्यावा हा शासकीय सेवेतील नियम १९४६ मध्ये रद्द झाला, पण त्यामागील धारणा टिकून राहिली. १९५५ मध्ये शासनाने आपल्या सेवेत समान वेतनाचे तत्त्व स्वीकारले व ते १९६१ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू केले. यंत्रचालकांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. या श्रेणीत तुलनेसाठी पुरुषच नसल्यामुळे स्त्रियांचे कमी वेतन हेच तेथील ‘समान’ वेतन ठरले.

संगणकामुळे शासनव्यवहाराचे नियंत्रण हाती येते हे १९६० च्या सुमारास वरिष्ठांच्या ध्यानात आले. तेव्हा हे काम व्यवस्थापकीय दर्जाच्या व्यक्तींकडे, म्हणजे पुरुषांकडे, असावे असे धोरण पडले. अनुभवी स्त्री-चालकांनी नवख्या पुरुषांना शिकवावे व त्यांनीच पुढे तिचे वरिष्ठ व्हावे, असे प्रसंग घडले. निवडलेल्या पुरुषांना यंत्रकाम कमी प्रतिष्ठेचे वाटे व संधी मिळताच ते इतरत्र जात. ज्या स्त्रियांना काम येत होते, त्यांना बढतीचा मार्ग बंद होता. परिणामी कुशल मनुष्यबळाची सतत टंचाई भासू लागली. थोड्या व्यक्तींच्या हाती नियंत्रण राहील अशा प्रचंड, केंद्रवर्ती यंत्रांची मागणी शासनाने देशी उद्योगाकडे केली. १९६८ मध्ये कंपन्यांचे एकत्रीकरण करून इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड ही संस्था उभी करण्यात आली. जगाची वाटचाल लहान यंत्रांकडे होत असताना ती मागे पडली. ब्रिटिश संगणक-उद्योगाच्या ऱ्हासास स्त्री-कौशल्याचा हा अव्हेर कारणीभूत झाला, असे मार हिक्स या इतिहासकारांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रतिपादन केले आहे. ऱ्हासाला अमेरिकी स्पर्धेसारखी अन्य कारणेही होती. परंतु अर्ध्या मनुष्यबळास बाजूस सारून टंचाईची तक्रार करण्यातील विसंगती त्यामुळे नाहीशी होत नाही.

याच परिस्थितीत स्टेफनी शर्ली (१९३३–२०२५) यांनी १९६२ मध्ये घरून काम करणाऱ्या स्त्री-आज्ञावलीकारांची एक कंपनी काढली. विवाह व अपत्यजन्म यांमुळे नोकरी सोडलेल्या प्रशिक्षित स्त्रियांना त्यांनी काम दिले. आरंभीच्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. व्यवसायविषयक पत्रांना उत्तर मिळेना, तेव्हा त्या ‘स्टीव्ह’ या पुरुषी नावाने सही करू लागल्या. काँकॉर्ड विमानाच्या उड्डाण-नोंदकाशी संबंधित आज्ञावलीचे काम या कंपनीने केले. स्त्रियांच्या संरक्षणासाठी १९७५ मध्ये झालेल्या लिंगभेदविरोधी कायद्यामुळे केवळ स्त्रियांना नेमण्याचे या कंपनीचे धोरण बेकायदेशीर ठरले.

व्यवसायाचे पुरुषीकरण : आज्ञावलीकारांची मागणी अमेरिकेत १९५० नंतर झपाट्याने वाढली. आरंभी या पेशात स्त्रियांना तुलनेने सुलभ प्रवेश होता. कारण हे काम नवे होते व त्याची सामाजिक जात ठरलेली नव्हती. कामाचे महत्त्व कळून आल्यावर निवडीचे निकष कडक झाले. गणिती कोडी सोडविण्याच्या क्षमतेवर आधारलेल्या अभियोग्यता चाचण्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाऊ लागल्या. १९६६ मध्ये विल्यम कॅनन व डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी समाधानी आज्ञावलीकारांची आवडनिवड तपासून असा निष्कर्ष काढला की, त्यांना कोडी आवडतात व माणसांत मिसळणे आवडत नाही. तपासलेल्यांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. त्यांच्यातील हा विशेष पुढे निवडीचा निकष बनला. त्यामुळे त्याच वळणाच्या व्यक्ती निवडल्या जाऊ लागल्या आणि एकलकोंडा, रात्रंदिवस यंत्रापुढे बसणारा तरुण हीच संगणकतज्ञाची प्रतिमा रूढ झाली. या प्रतिमेस घरकाम व अपत्यसंगोपन यांची जबाबदारी असलेली व्यक्ती सहसा उतरत नाही, हे उघड आहे.

अमेरिकेत संगणकविज्ञानाची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९७०-७१ मध्ये सु. १४ टक्के होते. १९८३-८४ मध्ये ते सु. ३७ टक्क्यांपर्यंत चढले व नंतर घसरत २०१० च्या सुमारास १८ टक्क्यांवर आले. याच काळात वैद्यक व विधी या शाखांतील स्त्रियांचे प्रमाण वाढतच गेले. घसरणीचे एक महत्त्वाचे कारण म्हणून घरगुती संगणकाकडे बोट दाखविले जाते. १९८० च्या सुमारास बाजारात आलेली ही यंत्रे मुलग्यांचे खेळणे म्हणून जाहिरातींतून पुढे आली व बहुधा मुलग्यांच्याच खोलीत ठेवली गेली. महाविद्यालयात येताना मुलगे यंत्राशी परिचित असत. शिक्षक त्या परिचयास बुद्धिमत्ता समजत आणि नवख्या मुली आपण या विषयास अपात्र आहोत असे मानून माघार घेत. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी याचा अभ्यास केला. पूर्वानुभवास प्रवेशात दिले जाणारे महत्त्व कमी करणे व नवशिक्यांसाठी वेगळे आरंभीचे अभ्यासक्रम ठेवणे यांसारख्या उपायांनी तेथील संगणकशाखेत प्रवेश घेणाऱ्या मुलींचे प्रमाण १९९५ मधील ७ टक्क्यांवरून २००० मध्ये ४२ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती, केवळ प्रवेशद्वार बदलले होते.

यंत्रनिर्मितीतील श्रम : संगणकाचा इतिहास बहुधा संशोधक व आज्ञावलीकार यांच्यापाशी थांबतो. परंतु यंत्राचे सुटे भाग जोडणाऱ्यांत प्रथमपासून स्त्रियांचे प्राधान्य आहे. १९५० ते १९७० या काळातील चुंबकी गाभ्यांच्या स्मृती बारीक कड्यांतून तारा ओवून हाताने विणल्या जात. अपोलो यानातील संगणकाची स्थायी स्मृती मॅसॅचूसेट्स राज्यातील कारखान्यात स्त्री-कामगारांनी विणली. तार कड्यातून गेली की एक व बाहेरून गेली की शून्य, अशी तिची रचना होती. म्हणजे चंद्रावर नेणारी आज्ञावली अक्षरशः विणलेली होती. फेअरचाइल्ड कंपनीने १९६५ मध्ये न्यू मेक्सिकोतील शिपरॉक येथे नव्हाहो जमातीच्या स्त्रियांकडून मंडलांची जुळणी करवून घेणे सुरू केले. कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात या कामाची तुलना त्यांच्या पारंपरिक गालिचांच्या विणकामाशी करण्यात आली होती. पुढे हे उद्योग मलेशियासारख्या आशियाई देशांच्या निर्यातक्षेत्रांत गेले. मुंबईत १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनीय निर्यात प्रक्रिया क्षेत्रातही जुळणीच्या कामावर मोठ्या संख्येने तरुण मुली होत्या. ‘नाजूक बोटे’ व ‘सोशिक स्वभाव’ हे गुण त्यांना जन्मजात मानले गेल्यामुळे ते कौशल्य ठरले नाही आणि त्यास कौशल्याचे वेतनही मिळाले नाही.

भारत : भारतातील चित्र पाश्चात्त्य देशांहून पुष्कळसे वेगळे आहे. येथे गणित व संगणकशास्त्र हे मुलींना न झेपणारे विषय आहेत, असा समज प्रबळ नाही. यंत्र, स्थापत्य या अभियांत्रिकी शाखांत उघड्यावरचे व कारखान्यातील काम असते, तर संगणकशाखेतील काम बंदिस्त, स्वच्छ कार्यालयात, टेबलाशी बसून करावयाचे असते. म्हणून ते मुलींना शोभणारे व सुरक्षित आहे, असे मध्यमवर्गीय पालक मानतात. मलेशियातही अशाच कारणांनी संगणकशाखेत मुलींची संख्या मोठी राहिली आहे. म्हणजे ज्या विषयास एका समाजाने पुरुषी ठरविले, त्यासच दुसऱ्याने स्त्रीयोग्य मानले. मात्र दोन्हीकडे निर्णय विषयाच्या स्वरूपावरून नव्हे, तर स्त्रीच्या वावराविषयीच्या कल्पनांवरून झाला.

महाराष्ट्रात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने १९९१ मध्ये पुणे येथे मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठानेही मुंबईत तंत्रशिक्षणाची सोय केली. पुणे, मुंबई व नवी मुंबई येथील आज्ञावली-उद्योगामुळे या पदवीधर मुलींना रोजगार मिळाला. देशातील माहिती तंत्रज्ञान व तदनुषंगिक सेवांमधील कर्मचाऱ्यांत स्त्रियांचा वाटा सु. एक-तृतीयांश आहे. जिल्ह्याच्या गावातून एकटीने पुण्यास येणे, वसतिगृहात राहणे, स्वतःच्या नावे बँकेत वेतन जमा होणे, या गोष्टी अनेक मराठी कुटुंबांत या व्यवसायामुळे प्रथमच घडल्या. तथापि आरंभीच्या पदांवर दिसणारे हे प्रमाण वरच्या पायरीगणिक घटत जाते. विवाहानंतरचे स्थलांतर, अपत्यसंगोपन व वृद्धांची शुश्रूषा यांचा भार मुख्यतः स्त्रीवर पडत असल्यामुळे अनुभवाच्या मधल्या टप्प्यावर अनेकजणी व्यवसाय सोडतात.

रात्रपाळीचा प्रश्न याच संदर्भात महत्त्वाचा ठरला. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार स्त्रियांकडून रात्री साडेनऊनंतर काम करून घेण्यास मनाई होती. परदेशी ग्राहकांची सेवा करणाऱ्या केंद्रांचे काम रात्री चालत असल्याने २००० च्या सुमारास या उद्योगास सवलती मिळाल्या. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीस निघालेल्या एका तरुण कर्मचारी स्त्रीवर तिला नेण्यासाठी आलेल्या वाहनचालकाने साथीदारासह अत्याचार करून तिची हत्या केली. या घटनेने वाहतूकव्यवस्थेतील हलगर्जीपणा उघड झाला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या अधिनियमाने स्त्रीची संमती व मालकाने करावयाची संरक्षणव्यवस्था या अटींवर रात्रकामास मुभा दिली. मनाईचा कायदा संरक्षण देताना रोजगार नाकारतो, तर मुभेचा कायदा रोजगार देताना संरक्षणाची अंमलबजावणी मालकावर सोपवितो. या दोहोंतील ताण अद्याप मिटलेला नाही. २०१७ मध्येच प्रसूती लाभ कायद्यातील दुरुस्तीने सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. रजेचा खर्च मालकावर पडत असल्यामुळे तरुण स्त्रियांच्या नेमणुकीत टाळाटाळ होण्याची शक्यता अभ्यासकांनी वर्तविली आहे.

वापर व रचना : तंत्रज्ञानाच्या निर्मितीप्रमाणेच त्याच्या वापरातही विषमता आढळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील ७० टक्के पुरुष व ६५ टक्के स्त्रिया इंटरनेट वापरीत होत्या. भारतात ही दरी अधिक रुंद आहे. २०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के आढळले. महाराष्ट्रात ही प्रमाणे अनुक्रमे सु. ३८ व ६२ टक्के, तर गोव्यात सु. ७४ व ८३ टक्के होती. साक्षरता व उत्पन्न यांबरोबरच भ्रमणध्वनी कोणाच्या मालकीचा, यावरही हा वापर अवलंबून असतो. कुटुंबात एकच उपकरण असल्यास ते बहुधा पुरुषाबरोबर घराबाहेर जाते, आणि मुलीच्या हाती ते असणे अनेक ठिकाणी संशयास्पद मानले जाते. अनुदान, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका यांचे व्यवहार भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकेतांकाशी जोडले गेल्यापासून ही दरी केवळ मनोरंजनाची राहिलेली नाही. ज्या स्त्रीचे खाते पतीच्या वा मुलाच्या क्रमांकाशी जोडलेले असते, तिच्या हक्काचा पैसाही दुसऱ्याच्या हातून तिच्यापर्यंत येतो.

यंत्राच्या रचनेतही लिंगभाव शिरतो. जॉय बुओलाम्विनी व टिमनित गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. गौरवर्णीय पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण १ टक्क्याहून कमी, तर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत ते सु. ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. आज्ञा ऐकणाऱ्या यंत्रसाहाय्यकांना बहुधा स्त्रीचा आवाज दिला जातो. आज्ञाधारकता म्हणजे स्त्रीत्व हा समज त्यामुळे दृढ होतो, असा आक्षेप २०१९ मध्ये यूनेस्कोच्या अहवालाने घेतला. मराठीसारख्या भाषेत या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. इंग्रजी क्रियापदास लिंग नसते, पण मराठीत ‘आला’ व ‘आली’ यांपैकी एकाची निवड करावीच लागते. यांत्रिक भाषांतर करणारी आज्ञावली ही निवड पूर्वीच्या लेखनात आढळलेल्या वारंवारतेवरून करते. त्यामुळे डॉक्टर ‘आले’ व परिचारिका ‘आली’ असा जुना संकेत यंत्राकडून नव्याने प्रसृत होण्याचा संभव असतो. भाषांतरकार संदर्भ पाहून शंका घेतो, यंत्रास मात्र ती घेण्यास शिकवावे लागते.

या इतिहासातून स्त्रिया संगणनात नवागत आहेत ही समजूत निराधार ठरते. त्या प्रारंभापासून या क्षेत्रात होत्या. त्यांचे काम कोणत्या श्रेणीत नोंदले गेले, यावर त्यांची उपस्थिती दिसणे वा न दिसणे अवलंबून राहिले. संगणनातील स्त्रियांचे प्रमाण अल्पावधीत चढले व उतरले आहे आणि एकाच काळी निरनिराळ्या देशांत भिन्न राहिले आहे. यावरून त्याचे मूळ नैसर्गिक क्षमतेत नसून शिक्षण, वेतन, कायदा व कौटुंबिक जबाबदाऱ्यांची वाटणी यांत आहे, हे स्पष्ट होते. आज अनेक कामे स्वयंचलित होत असताना कोणते काम कौशल्याचे व कोणते यंत्रवत् हे पुन्हा ठरविले जात आहे, आणि हा निर्णय पूर्वी कोणत्या निकषांवर झाला होता याचे ज्ञान त्या दृष्टीने आवश्यक आहे.